खेळानें पोट भरतें काय?

गेल्या महिन्यांत आमच्या शेजारचे तात्या एका संध्याकाळीं आपल्या धाकट्या नातवास घेऊन आमच्याकडे आले. मुलगा विसाव्या वर्षांत असून महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्गांत शिकत आहे. अभ्यासांत तो मागें नाहीं. परंतु त्याचें खरें चित्त बॅडमिंटनमध्यें आहे. पदवीची परीक्षा सोडून द्यावी व यापुढें खेळ हाच धंदा करावा, असें त्यानें घरांत सांगितल्यापासून त्या एकत्र कुटुंबांत दोन तट पडले होते. वडील बोलेनासे झाले होते. आई डोळ्यांना पदर लावीत होती. काका म्हणत होते कीं, मुलाच्या आवडीच्या आड येऊं नये. आणि आजी देवापुढें बसून दोन्ही बाजूंचें ऐकून घेत होती. तात्या मला म्हणाले, "मास्तर, तुम्हीं जन्मभर मुलें पाहिलीं आहेत. खेळानें पोट भरतें काय, एवढें याला तुम्हीच सांगा."

मी तोंड उघडण्यापूर्वींच मुलानें माझ्या हातांत एक जाड पुस्तक ठेविलें. "आजोबा, आधीं हें वाचा, मग काय सांगायचें तें सांगा," एवढें बोलून तो स्वस्थ बसला. वकिलानें पुरावा दाखल करावा, तसा त्यानें तो ग्रंथ दाखल केला होता. पुस्तक बेन होगन नांवाच्या अमेरिकन गोल्फ-खेळाडूचें चरित्र होतें. पक्षकारानें दिलेला पुरावा वाचल्यावांचून निकाल देणें हा अन्याय होय. म्हणून मीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली. त्या वाचनाचें फळ व माझा निकाल हीं दोन्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहें. कारण असा मुलगा केवळ तात्यांच्याच घरीं आहे, असें नाहीं.

ज्या वाचकांनीं पुण्यास येरवड्याचें गोल्फचें मैदान नुसतें बाहेरूनच पाहिलें असेल, त्यांच्यासाठीं खेळाचें स्वरूप दोन शब्दांत सांगतों. विस्तीर्ण कुरणांत १८ ठिकाणीं जमिनींत सव्वाचार इंच रुंदीचीं छिद्रें केलेलीं असतात. लहानसा कठीण चेंडू निरनिराळ्या काठ्यांनीं टोलवीत टोलवीत क्रमानें एकेका छिद्रांत घालावयाचा, आणि हा फेरा कमींत कमी टोल्यांत ज्यानें पुरा केला तो जिंकला. मोठ्या सामन्यांत असे ४ फेरे असतात. येथें प्रतिस्पर्धी तुमच्या चेंडूस हात लावीत नाहीं. चेंडू जागचा हालत नाहीं. फेकणारा कोणी नसतो. म्हणून चुकलेल्या टोल्याचें खापर फोडावयास दुसऱ्या कोणाचें डोकें सांपडत नाहीं. माझ्यासारख्या शाळामास्तरास हा खेळ एवढ्याचसाठीं आवडला.

बेन होगनचा जन्म १३ ऑगस्ट १९१२ रोजीं अमेरिकेंतील टेक्सस प्रांतांत झाला. बाप लोहारकाम करी. १९२२ सालीं, मुलगा ९ वर्षांचा असतां, त्या बापानें फोर्टवर्थ येथील राहत्या घरांत स्वतःवर गोळी झाडून घेतली. ही गोष्ट होगननें पुढें चारचौघांत कधीं काढली नाहीं. घरांत मिळवितें माणूस उरलें नाहीं, तेव्हां हा पोर रेल्वे स्टेशनावर वर्तमानपत्रें विकूं लागला. पुढें गांवच्या ग्लेन गार्डन नांवाच्या गोल्फ क्लबांत धनिक खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहणाऱ्या पोरांत तो जाऊन मिळाला. खेळाशीं त्याचा पहिला संबंध आला तो असा, पिशवीच्या भारानें.

त्याच क्लबांत, त्याच सालीं जन्मलेला, बायरन नेल्सन नांवाचा दुसरा एक पिशवीवाला मुलगा होता. १९२७ च्या नाताळांत या पिशवीवाल्या मुलांची स्पर्धा झाली, तींत दोघांची बरोबरी झाली, आणि बरोबरी सोडविण्यासाठीं पुन्हां खेळतांना नेल्सन जिंकला. या दोन मुलांची जोडी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें काम पुढें आहे.

होगननें शाळा शेवटच्या वर्षांत सोडली. तात्यांच्या नातवानें नेमक्या याच पानावर खूण घालून ठेविली होती, हें मला सांगितलेंच पाहिजे. १९३० च्या आरंभीं, वयाच्या १७ व्या वर्षीं, तो धंदेवाईक खेळाडू झाला. म्हणजे गांवोगांवच्या सामन्यांत बक्षिसाच्या रकमेसाठीं खेळावयाचें, आणि जें मिळेल त्यांत प्रवास, मुक्काम व जेवण भागवावयाचें. तो काळ अमेरिकेंत जागतिक मंदीचा. होगन घराबाहेर पडे, पैसे संपत, आणि तो परत फोर्टवर्थला येऊन मिळेल तें काम करी. थोडे पैसे गांठीं जमले कीं पुन्हां बाहेर पडे. त्याच्या टोल्यांत एक खोड होती. जोराचा टोला मारला कीं चेंडू खालूनच जाऊन शेवटीं एकाएकीं डावीकडे वळे आणि झाडींत किंवा गवतांत जाऊन पडे. नऊ टोले उत्तम आणि दहावा असा. त्या दहाव्यानें नऊंचें पुण्य धुऊन जाई.

१९३५ सालीं त्यानें व्हॅलरी नांवाच्या मुलीशीं लग्न केलें. या बाईचा उल्लेख खेळाच्या इतिहासांत एका ओळींत येतो. माझ्या मतें तो एका अध्यायाचा विषय आहे. गांठीं थोडीशी पुंजी, एक जुनी मोटार आणि नवऱ्याची अपयशाची यादी, एवढ्यावर ती त्याच्याबरोबर देशभर फिरली. त्यानें हताश होऊन नाद सोडतों म्हणावें आणि तिनें आणखी एकदां पाहूं म्हणावें, असें झालें. १९३८ च्या जानेवारींत ओकलंड येथें सामन्याच्या दिवशीं सकाळीं पाहतात तों मोटारीचीं चाकें चोरीस गेलेलीं! पैसे तर संपत आलेले. होगन दुसऱ्याच्या गाडींतून मैदानावर गेला, खेळला, आणि त्या दिवशीं मिळालेल्या बक्षिसावर त्यांचा संसार पुढें चालला. तो सामना त्यानें जिंकला नव्हता. पोट भरण्यापुरताच तो वर आला होता.

आतां नेल्सनकडे पाहा. १९३७ सालीं नेल्सननें ऑगस्टा येथील मास्टर्स हा मानाचा सामना जिंकला. १९३९ सालीं अमेरिकेचें खुलें अजिंक्यपद मिळविलें. होगनच्या नांवावर तोंपर्यंत एकट्यानें जिंकलेला एकही मोठा धंदेवाईक सामना नव्हता. होता तो १९३८ सालीं जोडीदाराबरोबर जिंकलेला एक. एकाच मैदानावर पिशव्या वाहिलेलीं दोन मुलें. एकाला यश जणूं दारीं चालत आलें, आणि दुसरा नऊ वर्षें उंबरठ्यावर उभा. १९३९ च्या अखेरीस कोणी माझ्याकडे येऊन विचारलें असतें कीं, मास्तर, या होगनचें काय करावें, तर मीं काय सांगितलें असतें? "नोकरी पाहा," हेंच सांगितलें असतें. आणि तें सांगणें त्या दिवसापर्यंतच्या हिशेबाप्रमाणें चुकीचें नव्हतें.

मार्च १९४० मध्यें नॉर्थ कॅरोलायना प्रांतांतील पाइनहर्स्ट येथें होगननें एकट्यानें पहिला सामना जिंकला. धंद्यांत पडल्यास दहा वर्षें झालीं होतीं. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यानें आणखी दोन सामने जिंकले, आणि त्या सबंध वर्षांत बक्षिसांची सर्वांत अधिक रक्कम मिळविणारा खेळाडू तोच ठरला. १९४१ व १९४२ मध्येंही तोच. पुढें महायुद्धांत तो सैन्याच्या हवाई दलांत गेला, आणि परत आल्यावर १९४६ सालीं, ३४ वर्षांचा असतां, त्यानें धंदेवाईकांचें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. याच सुमारास हाताची पकड व मनगटाची ठेवण बदलून त्यानें ती डावीकडे वळण्याची खोड कायमची मोडली. म्हणजे एक दोष काढावयास माणसाला सुमारें पंधरा वर्षें लागलीं! आपण मुलाच्या प्रगतिपुस्तकावर सहा महिन्यांत सुधारणा मागतों.

योगसूत्रांच्या पहिल्या पादांत अभ्यास दृढ केव्हां होतो याचा विचार आहे. तेथें तीन अटी सांगितल्या आहेत: पुष्कळ काळ, अखंडपणा आणि आदरबुद्धि. आमच्या बाजूला 'अभ्यास' या शब्दाचा अर्थ परीक्षेपुरता उरला आहे. म्हणून तो जुना अर्थ मला एका लोहाराच्या पोराच्या चरित्रांत पाहावयास सांपडला, याचें आश्चर्य वाटून घेण्याचें कारण नाहीं. काळ किती लागला तें वर आलेंच आहे. अखंडपणा असा कीं, सामना संपून इतर खेळाडू विश्रांतीस गेले तरी होगन एका बाजूस चेंडूंची रास घेऊन अंधार पडेपर्यंत एकच टोला पुनःपुन्हां मारीत असे. जिंकलेल्या दिवशींही यांत खंड नसे. तिसरी अट आदराची. ती पुढें सांगतों, कारण ती मध्यें एका मोठ्या आपत्तींतून गेली.

२ फेब्रुवारी १९४९ रोजीं होगन पतिपत्नी मोटारीनें घरीं परतत होतीं. टेक्ससमधील व्हॅन हॉर्न या गांवाजवळ धुक्यांत समोरून एक मोठी प्रवासी बस दुसऱ्या वाहनास ओलांडून थेट अंगावर आली. धडक बसण्यापूर्वींच्या क्षणीं होगननें आपलें शरीर पत्नीच्या आडवें टाकलें. चालविण्याच्या चाकाचा दांडा तो बसला होता त्या बैठकींत आरपार शिरला. पत्नीला वांचवावयास गेला म्हणून तोही वांचला. कंबरेचें हाड दोन ठिकाणीं, गळपट्टीचें हाड आणि घोटा, असें मोडलें. पुढें पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊं लागल्या आणि शस्त्रक्रियेनें पोटांतील मोठी नीला बांधून टाकावी लागली. त्यामुळें पायांचें रक्ताभिसरण जन्माचें अधू झालें. सुमारें दोन महिने तो रुग्णालयांत होता. तो खेळेल कीं नाहीं हा प्रश्न दूरच. धड चालेल कीं नाहीं याचीच शंका होती.

सोळा महिन्यांनीं, जून १९५० मध्यें, फिलाडेल्फियाजवळील मेरियन येथें अमेरिकेचें खुलें अजिंक्यपद होतें. त्या वेळच्या नियमाप्रमाणें शेवटच्या दिवशीं दोन फेरे, म्हणजे ३६ छिद्रें, एकाच दिवसांत चालून पुरीं करावीं लागत. होगननें पायांना पट्टे गुंडाळले आणि तो चालत राहिला. उत्तरार्धांत त्याची आघाडी टोल्याटोल्यानें गळूं लागली. शेवटच्या छिद्राशीं आला तेव्हां ती पूर्ण सरली होती. तें ४ टोल्यांत पुरें केलें तर बरोबरी, न केलें तर पराभव. दुसरा टोला दोनशें यार्डांहून अधिक लांबीचा होता. त्यानें हातांत घेतली ती लोखंडी काठ्यांतील सर्वांत अवघड, पहिल्या क्रमांकाची. आणि चेंडू थेट छिद्राभोंवतालच्या हिरवळीवर नेऊन ठेविला. त्या टोल्याचें पाठीमागून घेतलेलें छायाचित्र या खेळांतील सर्वांत प्रसिद्ध चित्रांपैकीं एक झालें आहे. दुसऱ्या दिवशीं तिघांत पुन्हां एक फेरा झाला. लॉइड मँग्रम याला ७३ टोले लागले, जॉर्ज फॅझिओ याला ७५, आणि होगनला ६९. या फेऱ्यांत मँग्रमनें चेंडूवर बसलेला किडा फुंकून टाकण्यासाठीं चेंडू उचलला, म्हणून नियमाप्रमाणें त्याला २ टोल्यांचा दंड झाला. तो वजा केला तरी निकाल फिरत नाहीं.

पुढें १९५१ सालीं मास्टर्स व अमेरिकेचें खुलें अशीं दोन्ही पदें त्यानें घेतलीं. १९५३ सालीं तो एकंदर सहाच सामने खेळला आणि त्यांतले पांच जिंकला. स्कॉटलंडमधील कार्नुस्टी येथील ब्रिटिश खुल्या सामन्यास तो त्या एकाच वर्षीं गेला. तिकडचा चेंडू अमेरिकन चेंडूहून आकारानें लहान. म्हणून दोन आठवडे आधीं जाऊन त्यानें त्या चेंडूची व त्या मैदानाची ओळख करून घेतली. चार फेऱ्यांत त्याला अनुक्रमें ७३, ७१, ७० व ६८ टोले लागले. हे चार आंकडे मीं पाटीवर लिहून पाहिले. अभ्यासाची याहून चांगली आकृति मला काढतां आली नसती. परत आल्यावर न्यूयॉर्क शहरानें त्याची मिरवणूक काढली. त्यानें एकंदर ९ श्रेष्ठ पदें जिंकलीं; त्यांपैकीं ६ अपघातानंतरचीं आहेत.

आतां आदराची अट. १९५३ सालीं त्यानें गोल्फच्या काठ्या करण्याचा कारखाना काढला. पहिल्या खेपेच्या काठ्या मनासारख्या उतरल्या नाहींत, तेव्हां मोठें नुकसान सोसून त्यानें त्या बाजारांत जाऊं दिल्या नाहींत. आणि नियति कशी चमत्कारिक पाहा! १९५५ सालीं, वयाच्या ४२ व्या वर्षीं, पांचवें अमेरिकन अजिंक्यपद त्याच्या हातांत आल्यासारखें झालें असतां, आयोवा प्रांतांतील एका सार्वजनिक मैदानावरचा जॅक फ्लेक नांवाचा अप्रसिद्ध खेळाडू अखेरीस त्याच्या बरोबरीस आला आणि दुसऱ्या दिवशीं ६९ विरुद्ध ७२ टोल्यांनीं जिंकला. फ्लेकच्या हातांतल्या काठ्या होगनच्याच कारखान्यांतल्या होत्या! आपण मन लावून घडविलेल्या वस्तूनेंच आपला पराभव झाला, हें ज्याला पाहावें लागलें, त्यानें काम चोख केलें होतें एवढें तर खास. होगन २५ जुलै १९९७ रोजीं, ८४ वर्षांचा होऊन, फोर्टवर्थ येथेंच वारला.

आठ दिवसांनीं तात्या व त्यांचा नातू पुन्हां आले. या वेळीं मुलाचे वडीलही आले होते. ते दाराशीं खुर्ची घेऊन बसले.

निकाल देण्यापूर्वीं मीं माझा एक अपराध त्यांना सांगितला, तो वाचकांनाही सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत क्रिकेट उत्तम खेळणारा एक मुलगा होता. त्याचे वडील माझा सल्ला विचारावयास आले, आणि मीं पूर्ण विचार न करतां सांगितलें कीं, मैदान बंद करा. त्यांनीं बंद केलें. मुलगा पास झाला, नोकरीस लागला, संसार नीट चालला आहे. मध्यंतरीं तो भेटला तेव्हां पायां पडला आणि म्हणाला, "गुरुजी, आपल्यामुळें मार्गी लागलों." त्यांत टोमणा नव्हता. परंतु माझ्या सल्ल्याला एका मिनिटाचाही अभ्यास नव्हता, ही गोष्ट मला त्या दिवसापासून टोंचत आहे. तो मोठा खेळाडू झाला असता असें मी म्हणत नाहीं. तें पाहण्याची संधि मीं एका शब्दानें बुडविली, एवढेंच म्हणतों.

मग मुलाला म्हणालों, "बाळ, तुझा पुरावा मीं वाचला. तो तुझ्या बाजूचा आहे, आणि तुझ्या विरुद्धही आहे. होगनबरोबर त्याच मंदींत, तशाच जुन्या मोटारींतून जे इतर निघाले आणि परत आले नाहींत, त्यांचीं चरित्रें कोणी लिहिलीं नाहींत. म्हणून तीं तुला दाखल करतां आलीं नाहींत. दुसरें असें कीं, होगननें शाळा सोडली तेव्हां त्याच्या घरीं ताटाची पंचाईत होती. तुझ्या घरीं तुझें ताट वाढून ठेवलेलें असतें. त्याचें जें होतें तें दुर्दैव होतें, उदाहरण नव्हे. तिसरें, त्या नवराबायकोला मूलबाळ नव्हतें. दहा वर्षें उपास काढले ते दोघांनींच काढले. तुझ्या दहा वर्षांची किंमत कोण देणार, याचा विचार तूं केला आहेस काय?"

मुलगा खालीं पाहूं लागला. तेव्हां मी वडिलांकडे वळलों. "आणि तुम्हांला सांगतों. नऊ वर्षें ज्याच्यावर सर्वांनीं पाणी सोडलें असतें, तो दहाव्या वर्षीं उभा राहिला. म्हणून याचें कांहीं होणार नाहीं असें छातीवर हात ठेवून म्हणण्याचा अधिकार तुम्हांलाही नाहीं व मलाही नाहीं. होगनजवळ व्हॅलरी होती. घरांतून निघणाऱ्याच्या पाठीशीं एक तरी माणूस असावें लागतें. तें नसेल तर हा मार्ग चालतांच येत नाहीं."

माझा निकाल असा. पदवीचे आठ महिने राहिले आहेत, ते पुरे करावेत. अर्धें टाकलेलें काम ही अखंडपणाच्या अभ्यासाची वाईट सुरुवात होय. त्यानंतर घरानें त्याला तीन वर्षें द्यावींत. खर्च किती तो कागदावर आधीं लिहावा. त्या तीन वर्षांत जेवणाच्या पंक्तींत कोणीं टोमणा मारूं नये, आणि मुलानेंही हार झाल्यावर पंच, प्रशिक्षक किंवा घर यांच्यावर खापर फोडूं नये. तीन वर्षांनीं सर्वांनीं पुन्हां एकत्र बसावें. आणि त्या दिवशीं जर हिशेब उणा निघाला, तर त्याला नोकरी शोधूं द्यावी आणि 'आम्हीं सांगितलें होतें' हें वाक्य घरांत कोणीं उच्चारूं नये.

बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग वडिलांनीं मुलाला विचारलें, "सकाळीं किती वाजतां जातोस रे तूं सरावाला?" कित्येक दिवसांनीं ते मुलाशीं बोलत होते, हें मला तात्यांच्या चेहऱ्यावरून कळलें. मुलगा म्हणाला, "साडेपांचला, बाबा." "उद्यां मी येतों," वडील म्हणाले, "काय करतोस तें पाहूं तरी."

खेळानें पोट भरतें काय, या प्रश्नाचें उत्तर माझ्यापाशीं नाहीं. कांहींचें भरतें, पुष्कळांचें भरत नाहीं. परंतु ज्या घरांत बाप पहाटे उठून मुलाचें काम पाहावयास जातो, त्या घरांत हा प्रश्न भांडणाचा राहत नाहीं. तो हिशेबाचा होतो, आणि हिशेब मांडावयास आपल्या घरांना शिकवावें लागत नाहीं. पुस्तक मीं मुलाला परत केलें. त्याची खूण शाळा सोडल्याच्या पानावर होती. ती काढून मीं ओकलंडच्या पानावर घातली आहे.